लॅपटॉपमध्ये पत्रे आली कुठून? भीमा कोरेगाव खटला आणि आपल्याला हवे असलेले सायबर तज्ज्ञ

द्वारका, नाशिक : नाशिकहून भीमा कोरेगावला निघणाऱ्या गाड्या द्वारका चौकातून पुणे रस्त्याला लागतात. विजयस्तंभाला मानवंदना द्यायला निघालेल्या प्रत्येक तरुणाच्या खिशात आज मोबाईल असतो आणि संघटनेची बरीच कामे त्याच मोबाईलवर चालतात. सायबर गुन्हा म्हटले की आपल्याला खाते रिकामे करणारा ओटीपी किंवा 'डिजिटल अटक' आठवते. पण भीमा कोरेगावशी जोडल्या गेलेल्या खटल्याने वेगळाच धोका समोर आणला आहे. इथे चोर संगणकातून काही नेत नाही, उलट त्यात काहीतरी ठेवून जातो.

खटला कशावर उभा आहे?

३१ डिसेंबर २०१७ रोजी पुण्यात शनिवारवाड्यावर एल्गार परिषद झाली. दुसऱ्या दिवशी भीमा कोरेगाव परिसरात हिंसाचार झाला. जून २०१८ पासून सुधीर ढवळे, अ‍ॅड. सुरेंद्र गडलिंग, रोना विल्सन यांच्यासह एकूण १६ जणांना अटक झाली. डॉ. आनंद तेलतुंबडे १४ एप्रिल २०२० रोजी, बाबासाहेबांच्या जयंतीदिनी, शरण गेले. फादर स्टॅन स्वामी यांचा ५ जुलै २०२१ रोजी न्यायालयीन कोठडीत असतानाच मृत्यू झाला. यूएपीएखालच्या या खटल्यात तपास यंत्रणांचा मोठा आधार आहे तो जप्त केलेल्या संगणकांतून मिळालेल्या पत्रांचा.

संशोधकांना काय सापडले?

न्यायालयाच्या आदेशाने बचाव पक्षाला विल्सन यांच्या हार्ड डिस्कची प्रत मिळाली. ती अमेरिकेतील आर्सेनल कन्सल्टिंग या डिजिटल न्यायवैद्यक संस्थेने तपासली. फेब्रुवारी २०२१ मध्ये पुढे आलेल्या तिच्या अहवालानुसार, १३ जून २०१६ रोजी ओळखीच्या माणसाच्या खात्यावरून आलेल्या ईमेलमधील फाइल विल्सन यांनी उघडली. त्यातून 'नेटवायर' हा दुरून संगणक ताब्यात घेणारा प्रोग्राम आत शिरला. हे कुणालाही विकत मिळणारे साधन होते. हल्लेखोर २२ महिन्यांहून अधिक काळ त्या संगणकात होता. त्याने एक लपवलेला फोल्डर तयार केला आणि त्यात किमान १० पत्रे ठेवली.

हे ठरवले कसे? फाइल केव्हा तयार झाली, कुठल्या प्रोग्रामने ती तिथे आणली, ती कधी उघडली गेली का, याच्या खुणा संगणकात राहतात. ही पत्रे त्या संगणकावर कधी उघडली गेल्याची एकही खूण सापडली नाही. शिवाय ती वर्डच्या ज्या नव्या आवृत्तीत तयार झाली होती, ती आवृत्ती विल्सन यांच्या संगणकात नव्हतीच. पुढे गडलिंग आणि स्टॅन स्वामी यांच्या संगणकांबाबतही आर्सेनलने असेच निष्कर्ष काढले. स्वामींच्या संगणकात तर २०१४ पासून घुसखोरी होती आणि जून २०१९ मधील जप्तीच्या आदल्या दिवशी हल्लेखोराने आपल्या खुणा पुसण्याचा प्रयत्न केला, असे तो अहवाल सांगतो.

फेब्रुवारी २०२२ मध्ये सेंटिनेललॅब्सच्या संशोधकांनी या हल्लेखोर गटाला 'मॉडिफाइड एलिफंट' असे नाव दिले. किमान २०१२ पासून हा गट भारतातील कार्यकर्ते, वकील, पत्रकार आणि अभ्यासकांना लक्ष्य करत होता, असे त्यांनी मांडले.

दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. आर्सेनलचा अहवाल आरोपपत्राचा भाग नाही, त्यावर विसंबता येणार नाही, अशी भूमिका एनआयएने उच्च न्यायालयात घेतली. या निष्कर्षांची खरी कसोटी खटल्यात, उलटतपासणीत लागायची आहे. पण खटला पुढे सरकणार कधी? जानेवारी २०२५ मध्ये विल्सन आणि ढवळे यांना मुंबई उच्च न्यायालयाने जामीन दिला, तेव्हा अटकेला साडेसहा वर्षे होऊन गेली होती, साक्षीदार ३०० हून अधिक होते आणि आरोपनिश्चितीही झालेली नव्हती.

नवा कायदा कुठपर्यंत पुरतो?

१ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम लागू झाला. त्याच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबतच्या प्रमाणपत्रात हॅश व्हॅल्यू द्यावी लागते. हॅश व्हॅल्यू म्हणजे फाइलचा अंगठ्याचा ठसा. एक अक्षर बदलले तरी ठसा बदलतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नुसार झडती आणि जप्तीचे चित्रीकरणही करावे लागते. या तरतुदी चांगल्या आहेत.

पण त्या जप्तीनंतरची छेडछाड पकडतात. जप्तीच्या आधीच कुणी फाइल आत ठेवली असेल, तर हॅश अगदी बरोबर येईल आणि पुरावा तरीही खोटा असेल. ही फट कायद्याने बुजत नाही. ती फक्त संगणक उघडून, खुणा वाचून, स्वतंत्रपणे तपास करणाऱ्या तज्ज्ञाला दिसते.

आपण काय करायचे?

आपल्याकडे वकील घडले, प्राध्यापक घडले, अधिकारी घडले. इंजिनिअरिंग आणि बीसीए करणारी मुले-मुलीही वस्त्यावस्त्यांत आहेत. मात्र आपल्या माणसांचा लॅपटॉप वाचण्यासाठी अमेरिकेतल्या संस्थेकडे जावे लागले. हे चित्र बदलायचे असेल तर डिजिटल न्यायवैद्यक हा विषय आपल्या मुलांनी करिअर म्हणून निवडला पाहिजे. बार्टीच्या प्रशिक्षणात आणि फेलोशिपमध्ये या विषयाला ठळक जागा हवी, अशी मागणी विद्यार्थी संघटनांनी लावून धरली पाहिजे.

तोपर्यंत प्रत्येक संघटनेने चार गोष्टी पाळाव्यात. ओळखीच्या नावाने आलेली फाइलही त्या व्यक्तीला फोन केल्याशिवाय उघडू नये. ईमेल आणि व्हॉट्सअ‍ॅपला टू-स्टेप व्हेरिफिकेशन लावावे. संशयास्पद मेल पुसू नये आणि संगणक घाईने फॉरमॅट करू नये, कारण बचावाचा पुरावा त्यातच असतो. उपकरण जप्त झालेच, तर पंचनाम्यात हॅश व्हॅल्यूची नोंद आणि हार्ड डिस्कची प्रत वकिलामार्फत लेखी मागावी. विल्सन यांच्या बाबतीत पुढचा सगळा तपास त्या एका प्रतीमुळेच शक्य झाला.