दंडाची पावती तत्पर, चोरीचा तपास संथ

दुचाकी चोरीला गेल्याची फिर्याद देऊन काही आठवडे उलटलेले असतात. पोलिस ठाण्यातून काहीच कळत नाही. अशातच एके दिवशी मालकाच्या मोबाइलवर वाहतूक शाखेचा संदेश येतो- हेल्मेट न वापरल्याबद्दल दंड भरा. सोबत छायाचित्रही असते. गाडी मालकाचीच, पण तिच्यावर बसलेला माणूस अनोळखी! चोर गाडी चालवतो आणि दंडाची पावती मालकाला मिळते, असे प्रसंग राज्यातील आणि देशातील अनेक शहरांतून समोर आले आहेत. ऐकताना हसू येते. पण शहरी पोलिसांच्या कामातील मोठा दोष त्यातून उघड होतो. त्या गाडीचा क्रमांक एका यंत्रणेने टिपला, दुसऱ्या यंत्रणेकडे ती चोरीला गेल्याची नोंद होती आणि या दोन नोंदी एकमेकींना भेटल्याच नाहीत.

'चौकाचौकांत पावत्या फाडायला पोलिस आहेत, चोर पकडायला नाहीत,' ही नागरिकांची जुनी तक्रार. पुण्यात १ जानेवारी २०१९ पासून हेल्मेटसक्तीची कारवाई सुरू झाली, तेव्हा विरोधकांच्या तोंडी हाच युक्तिवाद होता. डिसेंबर २०२१ मध्ये सुधारित मोटार वाहन कायद्यातील वाढीव दंड राज्यात लागू झाले, तेव्हाही तो ऐकू आला. त्यात तथ्य किती, हे तपासून पाहायला हवे.

पहिली गोष्ट, वाहतुकीची कारवाई हे दुय्यम काम नव्हे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ जणांचा बळी गेला. त्यातील ५० हजारांहून अधिक मृतांनी हेल्मेट घातलेले नव्हते. एकट्या महाराष्ट्रातील मृतांची संख्या १५ हजारांवर होती. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगर येथे भरधाव मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचे प्राण घेतले. चालक अल्पवयीन होता आणि मोटारीची नोंदणीही पूर्ण झालेली नव्हती. पुढे रक्ताचे नमुने बदलल्याचा प्रकार उघडकीस आला आणि घटनेची माहिती वरिष्ठांना वेळेत न कळविल्याबद्दल दोन पोलिस अधिकारी निलंबित झाले. रस्त्यावरील नियमभंग किरकोळ असतो, या समजाला त्या घटनेने धक्का दिला.

दुसरी गोष्ट, चौकातला हवालदार चोरीच्या तपासातून काढून तिथे उभा केलेला नसतो. वाहतूक शाखा स्वतंत्र असते. चोरीचा तपास पोलिस ठाण्याकडे आणि तेथील तपास पथकाकडे असतो. मात्र याच ठाण्याला गणेशोत्सवाचा बंदोबस्त, पालखी सोहळा, मोर्चे, निवडणुका आणि मंत्र्यांचे दौरेही सांभाळावे लागतात. बंदोबस्त टाळता येत नाही. तपास मात्र उद्यावर ढकलता येतो आणि ढकलला जातोही.

मोजमापाचा घोळ

खरा प्रश्न कामाच्या मोजमापाचा आहे. वाहतुकीच्या कारवाईचा आकडा रोज वाढताना दिसतो- इतक्या केसेस, इतका दंड. चोरीच्या बाबतीत गणित उलटे आहे. जितके गुन्हे नोंदवावेत, तितका गुन्ह्यांचा आलेख चढतो आणि उघडकीस येण्याचे प्रमाण घसरते. म्हणजे प्रामाणिकपणे नोंद करणारे ठाणेच कागदावर नापास ठरते. साहजिकच बसमध्ये खिशातून गेलेला मोबाइल 'चोरी' न ठरता 'गहाळ' ठरतो. गहाळ झाल्याचा दाखला मिळतो, सिमकार्ड पुन्हा सुरू होते आणि विषय संपतो. गुन्हाच नाही, तर तपास कशाचा?

वास्तविक दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाल्यास तो नोंदवणे बंधनकारक असल्याचे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ललिता कुमारी खटल्यात २०१३ मध्ये स्पष्ट केले आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार फिर्याद इलेक्ट्रॉनिक माध्यमातूनही देता येते. मात्र तीन दिवसांत तिच्यावर स्वाक्षरी करावी लागते. तपासाची प्रगती ९० दिवसांत फिर्यादीला कळवणेही बंधनकारक झाले आहे. परंतु याच नव्या व्यवस्थेत पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीच्या मालाची चोरी अदखलपात्र ठरली आहे. न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तिचा तपास करता येत नाही. कामगाराची जुनी सायकल किंवा साधा मोबाइल यांची किंमत बाजारात कमी असली, तरी त्याच्या दृष्टीने ते मोठे नुकसान असते. ते आता पोलिसांच्या कामाच्या यादीतूनच वगळले जाण्याची भीती आहे.

गुन्हा नोंदला गेला, तरी आरोपी न सापडल्यास 'ए समरी' अहवाल न्यायालयात जातो- गुन्हा खरा, पण आरोपीचा शोध नाही. गाडीमालकाला हाच कागद विम्याच्या दाव्यासाठी लागतो. त्यामुळे कित्येकदा फिर्यादीलाही तपासापेक्षा हा अहवाल लवकर मिळण्याची घाई असते. पोलिसांकडून काही निष्पन्न होणार नाही, हे त्याने मनोमन गृहीत धरलेले असते. चोरीला गेलेल्या ऐवजापेक्षा हा गमावलेला विश्वास भरून काढणे अवघड आहे.

साधने आहेत, सांधा नाही

साधनांचा अभाव आहे, असेही म्हणता येत नाही. २००८ च्या दहशतवादी हल्ल्यानंतर मुंबईत सीसीटीव्हीचे जाळे उभे राहिले, अन्य शहरांनीही ते स्वीकारले. नव्या वाहनांना १ एप्रिल २०१९ पासून उच्च सुरक्षा क्रमांकपट्टी सक्तीची झाली आणि नंतर राज्यात जुन्या वाहनांनाही ती बसवण्यास सांगण्यात आले. चोरीला आळा बसावा, हा तिचा एक हेतू. हरवलेला किंवा चोरीला गेलेला मोबाइल बंद करून त्याचा माग काढणारी केंद्रीय नोंदवही २०२३ मध्ये देशभर खुली झाली. ज्या भागात पोलिस या नोंदवहीचा नेटाने पाठपुरावा करतात, तेथे मोबाइल मालकांना परत मिळत असल्याचे दिसते. दंडासाठी क्रमांक वाचणारा कॅमेरा चोरीच्या वाहनांची यादीही वाचू शकतो. पावती निघण्यापूर्वी ती यादी आपोआप तपासली गेली आणि जवळच्या पथकाला तत्काळ इशारा मिळाला, तर तोच दंड तपासाचा धागा ठरेल.

कायदा व सुव्यवस्था आणि तपास यांसाठी स्वतंत्र मनुष्यबळ असावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने प्रकाश सिंग खटल्यात २२ सप्टेंबर २००६ रोजी दिला होता. त्याची सुरुवात दहा लाख वा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांपासून व्हावी, असे त्यात म्हटले होते. महाराष्ट्रातील मोठी शहरे या व्याख्येत बसतात. तरीही बंदोबस्ताची यादी लागली, की तपास करणारे कर्मचारीही त्यात ओढले जातात.

त्यामुळे हेल्मेटची कारवाई थांबवा, ही मागणी चुकीच्या दिशेने जाते. चौकातला पोलिस हटवल्याने चोर सापडणार नाही. नागरिकांनी मागायला हवे ते वेगळेच: चोरीची नोंद चोरी म्हणूनच व्हावी, ९० दिवसांत तपासाची माहिती मिळावी आणि ठाण्याचे मूल्यमापन कमी गुन्हे दाखवण्यावर नव्हे, तर किती ऐवज मालकाच्या हाती परत गेला यावर व्हावे. दंडाचा संदेश नियमभंगानंतर लगेच येऊ शकतो. मग चोरीला गेलेली गाडी अमुक चौकातून गेली, हा संदेश तिच्या मालकाला आणि तपास अधिकाऱ्याला का येऊ नये?