शिदोरी आदल्या दिवसाची

श्रावणाच्या सरी सुरू झाल्या, माळव्याची काळी भुई हिरवी झाली, की आमच्या इंदुरातील मराठी घरांतून एकच विचारणा ऐकू येऊ लागते : ‘यंदा मांडवगडाला केव्हा निघायचे?’ त्यामागोमाग दुसरा प्रश्न येतो, आणि तो बहुधा स्वयंपाकघरातूनच येतो : ‘बरोबर खायला काय न्यायचे?’

आमच्या शेजारच्या माळवी मंडळींना हा प्रश्न पडत नाही. ती ‘गोठी’ला निघतात तेव्हा कणीक, डाळ आणि गोवऱ्या बरोबर घेतात, आणि डाळ-बाफल्यांचा सारा थाट झाडाखालीच मांडतात. आपली रीत निराळी. आपण शिदोरी बांधून नेतो. रीत उत्तमच आहे. परंतु ती शिदोरी केव्हा करावी, याविषयी माझी जी समजूत होती तिची हकीकत आज वाचकांपुढे ठेवावीशी वाटते.

सुमारे वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मुले लहान होती, आई हिंडती-फिरती होती. रविवारी मांडवगडाला जाण्याचे ठरले. इंदुरापासून अंतर सुमारे शंभर किलोमीटर. म्हणजे पहाटे निघणे आले. ‘शिळे काही नको हं, सगळे ताजे आणि गरम हवे,’ असे मी शनिवारी मोठ्या ऐटीने बजावले. बजावणारा पाच वाजता उठला. करणारी अडीच वाजताच उठली होती. पुऱ्या, बटाट्याची भाजी, मसालेभात असा साग्रसंगीत बेत तिने एकटीने सिद्ध केला, आणि वाफाळते डबे झाकणे लावून आम्ही निघालो.

जहाजमहाल पाहिला. मुंज तलाव आणि कपूर तलाव तुडुंब भरले होते. त्यांच्यामध्ये ती इमारत खरोखरच नांगर टाकलेल्या गलबतासारखी दिसत होती. तेथून रूपमतीच्या मंडपाकडे निघण्याच्या वेळी आमच्या सौ. म्हणाल्या, ‘तुम्ही जाऊन या. मी डब्यांपाशी बसते.’ आम्ही परत आलो तेव्हा एका जुन्या गोरखचिंचेच्या बुंध्याशी, डब्यांच्या पिशवीवर हात ठेवून, त्या गाढ झोपल्या होत्या. आणि डबे उघडले तेव्हा काय पाहावे? पुऱ्या घाम येऊन लिबलिबीत झालेल्या, आणि मसालेभाताला आंबूस वास. भात टाकून द्यावा लागला. परतीच्या वाटेवर धाकट्या मुलीने विचारले, ‘बाबा, आईने काय पाहिले?’ मुलांना इतिहास शिकविण्यात हयात घालविलेल्या माझ्याजवळ या प्रश्नाला उत्तर नव्हते.

दोष सौं.चा नव्हता, माझ्या ‘ताज्या’चा होता. गरम अन्न झाकणात कोंडले की त्याची वाफ त्याच्याच अंगावर पाणी होऊन पडते. जंतूंना ओलावा आणि ऊब या दोनच गोष्टी हव्या असतात. साधारणपणे 5 ते 60 अंश सेल्सिअस या तापमानात ते वाढतात, आणि परिस्थिती अनुकूल असल्यास वीसेक मिनिटांत दुप्पट होतात. भाताची तर विशेष खोड अशी, की त्यातील काही जंतूंची बीजे शिजवूनही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ती पुन्हा जागी होतात. म्हणून ओले शिजविलेले अन्न बाहेर दोन तासांपेक्षा अधिक ठेवू नये, आणि कडक उन्हाळ्यात एक तासच पुरे, असा सावध दंडक आहे. पहाटे चारला शिजलेला भात दुपारी एकला खाणे हे त्या दंडकात कसे बसावे?

तेव्हा प्रवासाच्या शिदोरीचा पहिला नियम असा : पाणी कमी ते अन्न टिकाऊ. दुसरा : पूर्ण निवल्यावाचून डबा बंद करू नये. तिसरा : ओला नारळ, शिजलेला कांदा आणि रस्सा घरीच ठेवावा. हे पाळले की कामाची वाटणी आपोआप चार दिवसांवर होते.

गुरुवारी गूळपापडी करावी. दोन वाट्या कणीक वाटीभर तुपात मंद विस्तवावर खमंग भाजावी, भांडे खाली उतरवून मग वाटीभर चिरलेला गूळ मिसळावा आणि थापून वड्या पाडाव्यात. गूळ विस्तवावर असताना घातला तर वड्या दगड होतात. शुक्रवारी शेंगदाण्याची कोरडी चटणी. शनिवारी सायंकाळी दशम्या : कणकेत मीठ व दोन चमचे तेलाचे मोहन घालून ती केवळ दुधात भिजवावी, पाण्याचा थेंब लावू नये, तव्यावर तूप सोडून भाजाव्यात आणि फडक्यावर पसरून निववाव्यात. दुसऱ्या दिवशी दुपारीही त्या मऊ राहतात. रविवारी सकाळी केवळ पिशवी भरायची : पातळ पोहे, मेतकूट, तेलाची लहान बाटली, लिंबू, लोणचे, अखंड काकड्या आणि गाजरे. पोह्यांना तेल, तिखट, मीठ, मेतकूट तेथेच लावावे. आमच्या घरी त्यांवर इंदुरी जिरावण आणि शेवही पडते. पुण्याकडचे मेतकूट आणि माळव्याचे जिरावण एका पातेल्यात सुखाने नांदतात; आपणही पिढ्यान् पिढ्या येथे तसेच नांदत आलो आहोत.

‘म्हणजे शिळेच की!’ असे काही वडीलधारी म्हणतील. मीही तेच म्हणत असे. माझ्या आईने मला गप्प केले. ती म्हणाली, ‘अरे, काशीयात्रेला माणसे काय गरम पुऱ्या घेऊन जात होती?’ दुधातली दशमी सोवळ्यातही चालत असे, ती प्रवासाच्या सोयीसाठीच. शिळे निराळे आणि टिकाऊ निराळे, हा भेद आपल्या आजी-पणजींना ठाऊक होता; तो आपण पदवीधर विसरलो.

पुढच्या श्रावणात पुन्हा मांडवगडाला गेलो. या खेपेस गूळपापडी मी भाजली. पहिला घाणा करपला, दुसरा साधला. शेंगदाणे मुलांनी सोलले. शनिवारी रात्री दहाला स्वयंपाकघरातील दिवा मालवला, आणि घरातले सगळे एकाच वेळी उठले.

रूपमतीच्या मंडपावर त्या दिवशी आभाळ घटकाभर उघडले होते. खाली निमाडचे सपाट रान आणि त्यापलीकडे, दूरवर, नर्मदेची एक बारीक चकाकती रेघ. 1561 साली बाजबहादुराचे राज्य अकबराच्या सैन्यापुढे कसे कोसळले ते सांगायला मी सुरुवात केली होती. ‘थांबा जरा,’ सौ. म्हणाल्या, ‘आधी मला पाहू द्या.’

मी थांबलो. डब्यांची पिशवी माझ्याच खांद्यावर होती.