सहलीची आंखणी कोणीं करावी?

आपल्या शाळेच्या पटांगणांतून तळगड रोज दिसतो. सकाळच्या प्रार्थनेच्या वेळीं ओळींत उभ्या असलेल्या मुलांच्या डोळ्यांसमोर तो असतो, आणि तरीही गेल्या तीन वर्षांत शाळेची एकही तुकडी त्यावर चढून गेलेली नाहीं. ह्या काळांत सहली निघाल्याच नाहींत असें नव्हे. गाड्या भाड्यानें घेऊन मुलांस पाण्याच्या घसरगुंड्यांच्या करमणुकीच्या ठिकाणीं नेलें, सायंकाळीं सुखरूप परत आणलें, आणि पालकांनीं व आम्हीं सुटकेचा निःश्वास टाकिला. येत्या हिवाळ्यांत हा क्रम मोडावा, एक शनिवार-रविवार डोंगरांत घालवावा, व त्या दोन दिवसांची आंखणी शिक्षकांनीं न करितां मुलांनींच करावी, असें आमचें मत आहे.

हा क्रम कां पडला हें पुष्कळ पालकांस ठाऊक आहे. ज्यांस ठाऊक नाहीं त्यांस तें आमच्याकडूनच कळलेलें बरें. फेब्रुवारीचा महिना होता. बासष्ट मुलें आणि तीन शिक्षक. सातला निघावयाचें, तें फराळाच्या डब्यांची वाट पाहण्यांत साडेनऊ वाजले. गड फार उंच नाहीं, गांवापासून तासाभराची चढण; म्हणून कोणासच घाई वाटली नाहीं. माथा मात्र लांबट, अरुंद आणि उघडा आहे. भर दुपारीं तेथें सांवली शोधूं गेल्यास सांपडत नाहीं. बाटल्यांतील पाणी संपलें. कातळांत खोदलेल्या टाक्यांत पाणी होतें, पण तें हिरवें. मुलांस तें पिऊं द्यावें कीं नाहीं ह्याचा विचार आम्ही तेथें उभे राहून करीत होतों, इतक्यांत आठवीची एक मुलगी घेरी येऊन खालीं बसली. उतरतांना एक मुलगा भलत्याच पायवाटेनें गेला. मोजणी आम्हीं पायथ्याशीं आल्यावर केली! तो मुलगा दिवेलागणीच्या सुमारास एका वाडीवर सांपडला. तेथल्या माणसांनीं त्यास भाकरी देऊन ओटीवर बसवून ठेविलें होतें. त्याच्या आईनें त्या संध्याकाळीं आम्हांस एक शब्दही म्हटला नाहीं. तें मौन आम्ही विसरलों नाहीं.

दोष गडाचा नव्हता, मुलांचाही नव्हता. आंखणी आमची होती, आणि ती एका ओळीची होती: शनिवारीं सकाळीं तळगड. पाणी कोठें मिळेल, परत केव्हां फिरावयाचें, आपल्या पुढें कोण व मागें कोण, हें बासष्टांपैकीं एकासही माहीत नव्हतें. कारण आम्हीं तें कोणास सांगितलेंच नव्हतें. मेंढरांप्रमाणें मुलें आमच्या मागून आलीं, आणि मेंढपाळाचें लक्ष डब्यांकडे होतें.

आमचा एक जुना विद्यार्थी हल्लीं कॅनडांत असतो. तिकडील शाळेंत शिकणाऱ्या आपल्या मुलांच्या हिवाळी सहलीचें वर्णन त्यानें मध्यंतरीं लिहून पाठविलें. तेथें भुसभुशीत बर्फांत पाय गुडघ्यापर्यंत रुततो, म्हणून बुटांखालीं रुंद चौकटी बांधतात. अंगाचा भार मोठ्या जागेवर पसरतो आणि माणूस वरच्यावर चालूं शकतो. आम्हांस नवल वाटलें तें ह्या पादत्राणांचें नव्हे. निघण्यापूर्वीं मुलें एक कागद भरतात. कोण कोण जाणार, वाट कोणती, शिखर गांठलें असो वा नसो मागें कोणत्या वाजतां वळावयाचें, आणि अमुक वेळेपर्यंत परत न आल्यास कोणास कळवावयाचें. त्याची एक प्रत घरीं राहते. बर्फाचे कडे कोसळण्याचें भय असलेल्या भागांत त्या दिवसाची सूचना आधीं वाचतात, आणि ती वाईट असेल तर बांधलेल्या पिशव्या निमूटपणें सोडतात. तेथें चुकलेल्यास थंडी गांठते, येथें ऊन.

दिवाळीनंतर नववीच्या वर्गास आम्हीं असाच एक कोरा कागद दिला. पहिल्या आठवड्यांत तो जो भरून आला तो पाहून हंसूं आवरेना. दोन दिवसांत तळगड, घोसाळगड आणि कुड्याचीं लेणीं, शिवाय प्रत्येक ठिकाणीं क्रिकेटचा एकेक सामना! आम्हीं टीका केली नाहीं, फक्त पंचांग पुढें ठेविलें. जानेवारीच्या आरंभीं आपल्याकडे सूर्य सातनंतर उगवतो व सव्वासहाच्या सुमारास मावळतो. म्हणजे उजेड अकरा तासांचा. त्यांतून चढण, उतार, जेवण व विश्रांति वजा करीत गेल्यावर घोसाळगड गळूं लागला. ह्यावर इतिहासाची आवड असलेला एक विद्यार्थी उठून म्हणाला, "१६६५ च्या पुरंदरच्या तहांत महाराजांनीं तेवीस किल्ले दिले व बारा राखिले, त्या बारांत तळगडही होता आणि घोसाळगडही. मग आम्हीं एक कां सोडावा?" दुसऱ्यानें लगेच उत्तर दिलें, "महाराजांनीं ते एका शनिवारीं पाहिले नव्हते." घोसाळगड सुटला. प्रिय वस्तु वेळेच्या हिशेबानें सोडून देणें हें आम्हांस चाळिशी उलटल्यावरही नीट जमत नाहीं, तें ह्या मुलांनीं एका तासांत केलें.

मग पाण्याचा हिशेब निघाला. चाळीस मुलें, दर माणशी दोन लिटर, म्हणजे ऐंशी लिटर. त्याचें वजन ऐंशी किलो. तें शिपायाच्या डोक्यावर द्यावयाचें काय? तेव्हां ज्याचें पाणी त्याच्याच पाठीवर, आणि टाक्यांतील पाणी केवळ पाहण्यापुरतें, असें ठरलें. चार-चारांचे गट पडले. मोजणी हनुमान दरवाज्याशीं, माथ्यावर व उतरतांना दर अर्ध्या तासानें. साडेसहाला, तांबडें फुटतांना निघावयाचें आणि अकरा वाजतां, गड संपूर्ण पाहून झाला असो वा नसो, उतरावयास लागावयाचें. हिवाळ्यांत वाळलेलें गवत पायाखालीं तेल लावल्यासारखें घसरतें, म्हणून जुन्या गुळगुळीत चपला वर्ज्य. ठिणगी पडल्यास तेंच गवत वणवा पेटवितें, म्हणून गडावर चूल नाहीं. कड्यांना आग्या मोहोळें असतात. तेथें ओरडणें, दगड मारणें, धूर करणें नाहीं. हे नियम आम्हीं सांगितले असते तर मुलांनीं ऐकल्यासारखें केलें असतें. आतां एक मुलगा दुसऱ्याच्या चपलेचा तळ उलटा करून तपासतांना आम्हीं पाहिला.

शनिवारची रात्र बाहेर कोठें नाहीं, शाळेंतच. पटांगणाच्या मोकळ्या कोपऱ्यांत पोपटी लावावयाची: मडक्यांत भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, बटाटे, अंडीं, मीठ व ओवा, पाण्याचा थेंब नाहीं, मडकें उपडें करून भोंवतीं जाळ. कोणाच्या घरीं शेंगा कोवळ्या मिळतील ह्यावर वर्गांत जो वाद झाला तो अद्याप मिटलेला नाहीं.

रविवारबद्दल मंडळींतील कांहीं पालकांनीं आक्षेप घेतला, आणि तो आम्हांस योग्य वाटतो. म्हणून सकाळची उपासना आधीं, आणि नंतर एस. टी. नें कुड्यास. राजपुरीच्या खाडीवरच्या डोंगरांत तेथें सव्वीस लेणीं आहेत, सुमारें दोन हजार वर्षांपूर्वीं आरंभिलेलीं. तेथल्या ब्राह्मी लेखांत दान देणाऱ्यांत राजघराण्यांतील माणसें आहेतच, पण एक वैद्य आहे, माळी आहे, आणि कऱ्हाडचा एक लोखंडाचा व्यापारीही आहे. तो घाट उतरून येथवर आला असेल तो बहुधा पायींच, आणि शिधा व मुक्काम आधीं ठरवूनच. मुलांनीं त्या लेखापुढें थोडा वेळ उभें राहावें अशी आमची इच्छा आहे. त्यांच्या कागदावर मात्र तेथें "जेवण" एवढेंच लिहिलें आहे.

आतां मुलींविषयीं. पुष्कळ घरांतून मुलास परवानगी मिळते आणि बहिणीस मिळत नाहीं. उत्तरकाशीच्या संस्थेंत शिकलेल्या बचेंद्री पाल १९८४ सालीं एव्हरेस्टच्या माथ्यावर पोंचल्या. तळगडाच्या तासाभराच्या चढणीसाठीं हा दाखला देणें म्हणजे मुंगीसाठीं तोफ आणणें होय, तरी देतों. मुलींच्या गटांबरोबर दोन शिक्षिका राहतील, आणि ज्या मातांस रात्रीं शाळेंत मुक्कामास यावयाचें असेल त्यांनीं अवश्य यावें. शेंगा सोलावयास हात हवेच आहेत.

"मोबाईल आहे, मग एवढी चिंता कशाला?" असें एका पालकांनीं विचारलें. शिक्षकांजवळ तो राहील, आणि ११२ हा संकटकाळचा क्रमांक मुलांस पाठ आहे. परंतु डोंगराच्या आडोशास आवाज पोंचेलच असा भरंवसा नाहीं, आणि तीन वर्षांपूर्वीं आम्हां तिघांच्याही खिशांत तो होता.

डिसेंबरच्या पालकसभेंत नववीचा तो कागद फळ्यावर लावण्यांत येईल. वाचून मुलेंच दाखवितील. आम्ही मागच्या बांकावर बसूं. पालकांनीं हवे तितके प्रश्न विचारावेत, मात्र ते मुलांस विचारावेत. वाट चुकलेल्या त्या मुलाची धाकटी बहीण ह्या वर्षीं नववींत आहे. मोजणीचें कलम तिच्या अक्षरांत आहे. तिच्या आईनें सभेस यावें असें आम्हीं स्वतः घरीं जाऊन सांगितलें आहे. "बघूं," असें त्या म्हणाल्या.