दोन पडद्यांचं भांडण

घरून काम करणाऱ्यांच्या टेबलावर हल्ली एक ठरलेली जोडी दिसते: कंपनीचा 14 इंची लॅपटॉप आणि शेजारी 24 इंची मॉनिटर. ऑफिसच्या संगणकावर रिमोट डेस्कटॉपने लॉगिन केलं की एका पडद्यावर अक्षरं मुंगीएवढी, दुसऱ्यावर अवाढव्य आणि वर धुरकट. मग खापर फुटतं ते नेटवर, नाहीतर मॉनिटरवर. माझ्या मते दोघेही निर्दोष आहेत. दोन्ही पडदे बहुधा 'फुल एचडी', म्हणजे 1920 बाय 1080 पिक्सेलचेच असतात. पण लॅपटॉपवर एका इंचात सुमारे 157 पिक्सेल बसतात, मॉनिटरवर जेमतेम 92. म्हणून विंडोज लॅपटॉपला 125 किंवा 150 टक्के स्केल (म्हणजे अक्षरं-चित्रं मोठी करून दाखवण्याचं प्रमाण) सुचवतं, मॉनिटरला 100 टक्के पुरतं. रेझोल्यूशन एकच, स्केल वेगळं, आणि खरी गडबड स्केलचीच.

ती पलीकडच्या संगणकावर निस्तरू म्हटलं तर तिथली डिस्प्ले सेटिंग्ज चक्क बंद असतात. रिमोट सेशनमधून ती बदलता येत नाहीत, असं विंडोज स्वच्छ सांगतं. पडद्यांची मांडणी आणि स्केल पलीकडे जातं ते तुमच्या घरच्या संगणकाकडून, त्यामुळे दुरुस्तीही घरीच करावी लागते. 2013 च्या विंडोज 8.1 पासून प्रत्येक पडद्याला वेगळं स्केल देता येतं हे खरं. पण ऑफिसातली जुनी सॉफ्टवेअर साइन इन करतानाचं मुख्य पडद्याचं स्केल धरून बसतात. दुसऱ्या पडद्यावर विंडोज त्यांचं चित्र नुसतं ताणतं, म्हणून ते धूसर दिसतं. त्यातून फुली मारून रिमोट डेस्कटॉपची खिडकी बंद केली, तर सेशन पलीकडे चालूच राहतं. काल ऑफिसात बसून काम केलेलं असेल, तर आज घरीही या सॉफ्टवेअरसाठी कालचंच स्केल चालू राहतं.

दोन सारखे मॉनिटर घेऊन लॅपटॉप मिटून ठेवला की प्रश्नच मिटतो, असं कोणी म्हणेल. मिटतो, यात वाद नाही. पण एका सेटिंगपायी हजारो रुपये का घालायचे? रेझोल्यूशन कमी करण्याचा सल्ला मात्र वाईटच. एलसीडीचे पिक्सेल ठरलेले असतात, कमी केलं की सगळंच पुसट होतं. त्यापेक्षा दोन्ही पडद्यांना सारखंच स्केल द्यावं. समजा दोन्हींना 125 टक्के दिलं, तर लॅपटॉपवरची अक्षरं लहान होतील, ही शंका रास्त आहे. पण लॅपटॉप मॉनिटरपेक्षा जवळ असतो, आणि त्यावर मेल किंवा चॅटच ठेवलं तर ते सहज खपतं. तेव्हा आधी घरच्या संगणकावर दोन्ही पडद्यांचं स्केल सारखं करा, मोठा मॉनिटर मुख्य ठरवा. मग ऑफिसच्या संगणकावरून साइन आउट करून पुन्हा लॉगिन करा. नवा मॉनिटर घ्यायचा विचार त्यानंतर.