दूरध्वनीच्या बाजारातील स्पर्धा कोठे गेली?

सरकारी मक्तेदारीच्या काळातील दूरध्वनीचे हाल वसई-विरारकरांना नव्याने सांगावयास नकोत. मुंबईचा संकेतांक ०२२, वसईचा ०२५०. विरार लोकलने रोज मुंबई गाठणाऱ्या नोकरदाराला घरी निरोप द्यावयाचा तरी परगावचा संकेतांक लावावा लागे. जोडणीसाठी वर्षानुवर्षे ताटकळावे लागे, ते निराळेच. समाजवाद्यांनी हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे.

१९९४ च्या धोरणाने खासगी कंपन्यांना या क्षेत्राचे दार उघडले. १९९५ मध्ये मोबाईलवरील बोलणे गर्दीच्या वेळी मिनिटाला सोळा रुपयांवर जाई. पुढे दर कोसळले, ते मात्र केवळ खासगी चढाओढीमुळे नव्हे. ऑक्टोबर २००२ मध्ये भारत संचार निगम मोबाईल सेवेत उतरला आणि २००३ मध्ये येणारा फोन सर्वत्र मोफत झाला. अर्नाळ्याचा मच्छीमार, नालासोपाऱ्याचा रिक्षाचालक, घरकाम करणारी स्त्री यांच्या हाती फोन आला तो यानंतर. लोकांच्या मालकीचा समर्थ स्पर्धक बाजारात असणे हाच खऱ्या स्पर्धेचा आधार होता.

या धंद्यात मनोरे व ध्वनिलहरी यांवर अफाट भांडवल आधी ओतावे लागते. त्यानंतर आणखी एक ग्राहक जोडण्याचा खर्च नगण्य असतो. म्हणून ज्याला तोटा दीर्घकाळ सोसवतो तोच टिकतो. २०१६ मध्ये जिओने मोफत सेवा देऊन हेच दाखवून दिले. दोन वर्षांत एअरसेल, रिलायन्स कम्युनिकेशन्स यांसारख्या कंपन्या मोडीत निघाल्या, व्होडाफोन व आयडिया एकत्र आल्या. आज तीन-चतुर्थांशाच्या आसपास मोबाईल ग्राहक दोनच कंपन्यांकडे आहेत.

परिणाम ग्राहक भोगतो आहे. २०१८ च्या अखेरीपासून किमान रिचार्जची सक्ती आली. मुदत संपली की येणारा फोनही बंद. स्पर्धेने दिलेले स्पर्धा आटताच काढून घेतले गेले. जुलै २०२४ मध्ये तिन्ही खासगी कंपन्यांनी एका आठवड्यात दर वाढविले. निगमाने ते वाढविले नाहीत, तेव्हा लक्षावधी ग्राहक त्याच्याकडे वळले. पण त्याची देशव्यापी फोर-जी सेवा सुरू झाली ती सप्टेंबर २०२५ मध्ये. खासगी कंपन्यांच्या कितीतरी वर्षे मागून! याच सरकारने व्होडाफोन आयडियाचे जवळजवळ निम्मे भाग मात्र थकबाकीच्या मोबदल्यात पदरात घेतले.

तेव्हा मागणी जुन्या मक्तेदारीची नाही. निगमाला भांडवल व स्वायत्तता द्या, त्याच्या कारभारावर ग्राहकांची देखरेख ठेवा आणि रिचार्ज संपला तरी येणारा फोन चालू राहील असा नियम करा. रिचार्ज संपलेल्या मोलकरणीला कामाचा निरोप मिळत नाही; तिचा दिवस बुडतो. वसई-विरारच्या कार्यकर्त्यांनी हा प्रश्न वस्तीवस्तीत नेला, तर लोक ऐकतील. कारण तो त्यांच्या खिशाचा आणि पोटाचा प्रश्न आहे.