तेलही गेलं, तूपही गेलं... आणि एमएस?

ऑक्टोबर उजाडला की आपल्या हॉस्टेलमध्ये रात्री दोन प्रकारची माणसं जागी दिसतात. एक म्हणजे ज्यांचं सबमिशन राहिलंय ती, आणि दुसरी म्हणजे ज्यांना बाहेर 'अप्लाय' करायचंय ती. या दुसऱ्या जातीत एक गंमत बघायला मिळते. पेपरात क्रूडचा भाव वाढल्याची बातमी आली, की चारच दिवसांत मेसच्या रांगेत प्रश्न ऐकू येतो, "पेट्रोलियमला काय स्कोप आहे रे?" भाव पडला की हाच गडी डेटा सायन्सवर बोलायला लागतो. म्हणजे शेअर बाजारातला दलाल आणि आपण यांत फरक एवढाच, की दलाल स्वतःचे पैसे लावतो.

मित्रांनो, मी केमिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि यंदा पेट्रोलियम इंजिनिअरिंगच्या एमएस-एमटेकला अर्ज करणाऱ्यांतलाच एक आहे. तेव्हा हे काही वरून उपदेश करणं नाही. माझं म्हणणं सरळ आहे. पेट्रोलियमला जरूर जा, पण भाव बघून जाऊ नका.

का ते आकड्यांत सांगतो. जुलै २००८ मध्ये बॅरलचा भाव १४७ डॉलरपर्यंत चढला होता. त्याच वर्षीच्या डिसेंबरात तो ४० च्या खाली! जून २०१४ मध्ये ११० च्या वर, जानेवारी २०१६ मध्ये ३० च्या खाली. आणि २० एप्रिल २०२० ला तर अमेरिकेतल्या वायद्याचा भाव शून्याखाली, उणे ३७ डॉलरवर जाऊन बसला. पुन्हा मार्च २०२२ मध्ये १२० च्या पुढे. आता एमएसचं गणित मांडा. अर्ज करण्यापासून हातात डिग्री पडेपर्यंत धरून चालू अडीच-तीन वर्षं. ज्याने २०१३ च्या तेजीत अर्ज केला, तो बाहेर पडला २०१६ च्या आसपास, म्हणजे कंपन्या हजारोंनी माणसं कमी करत होत्या तेव्हा. उलट, वर्ग ओस पडले होते तेव्हा जो शिरला, तो बाहेर येईपर्यंत बाजार सावरलेला होता. म्हणजे भाव बघून निर्णय घेणारा बहुतेक वेळा उलट्या गाडीत बसतो.

बरं, गाडीचं तिकीटही फुकट नाही. साडेसात लाखांच्या वरच्या शैक्षणिक कर्जाला सरकारी बँका सहसा तारण मागतात, आणि शेतजमीन तारण म्हणून बहुतेक बँका घेत नाहीत. म्हणजे आपल्यातल्या निम्म्या लोकांच्या बाबतीत राहतं ते एकच, राहतं घर. शिकत असताना हप्ता नसतो म्हणून आपण खुशीत असतो, पण व्याज काही झोपलेलं नसतं. मला पास व्हायच्या साली भाव काय असेल हे अरामकोलाही सांगता येणार नाही, मग माझे वडील कशाच्या भरवशावर सही करणार?

भरवसा विषयाचा असला पाहिजे, असं माझं मत. आणि इथेच खरी पंचाईत आहे, कारण अर्ज करणाऱ्या निम्म्या मंडळींना पेट्रोलियम इंजिनिअरिंग म्हणजे काय हेच माहीत नसतं! रिफायनरी म्हणजे पेट्रोलियम नव्हे, ते आम्हा केमिकलवाल्यांचं दुकान. तेल कुठे सापडेल हे शोधणं मुख्यतः भूशास्त्रवाल्यांचं. पेट्रोलियम इंजिनिअरचं काम या दोघांच्या मधलं. जमिनीखाली दोन-तीन किलोमीटरवर, दगडाच्या बारीक छिद्रांत तेल अडकलंय (तळं-बिळं काही नसतं खाली), ते वर किती येईल, कसं येईल आणि किती वर्षं येईल, हे ठरवायचं. पाया साधा आहे. हेन्री दार्सीने १८५६ मध्ये फ्रान्सच्या दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्याच्या कामात वाळूतून पाणी किती वेगाने झिरपतं ते मोजलं, त्याच नियमावर आजही रिझर्व्हॉयर इंजिनिअरिंग उभं आहे. आपण सेकंड इयरला फ्लुइड मेकॅनिक्समध्ये जो धडा 'ऑप्शनला टाकतो', तोच हा!

खरी मजा पुढे आहे. एखाद्या क्षेत्रात जेवढं तेल असतं त्यातलं सरासरी साधारण एक तृतीयांशच वर येतं, बाकीचं दगडातच राहतं. आपल्या मुंबई हायचंच घ्या. तेल सापडलं १९७४ मध्ये, उत्पादन सुरू झालं १९७६ मध्ये, तेही समुद्राखालच्या चुनखडकातून. आज ते म्हातारं क्षेत्र आहे, आणि त्यातून आणखी तेल कसं काढायचं यासाठी ओएनजीसीने जानेवारी २०२५ मध्ये बीपी या परदेशी कंपनीला तांत्रिक मदतीसाठी निवडलं. राजस्थानात बाडमेरजवळचं मंगला क्षेत्र २००४ मध्ये सापडलं. तिथलं तेल इतकं मेणचट, की गार झालं की थिजतं, म्हणून ते तापवलेल्या पाइपलाइनमधून न्यावं लागतं. खाली दगडात पॉलिमर मिसळलेलं पाणी सोडून तेल ढकलायचं कामही तिथे चालतं. हे वाचून ज्याला 'अरे, हे कसं करत असतील?' असं वाटलं, त्याने पुढचं वाचावं. ज्याला 'पॅकेज किती?' असं वाटलं, त्याने मेसला जाऊन यावं, आज वांग्याची भाजी आहे.

आता एसओपीकडे येऊ. आपल्या हॉस्टेलमध्ये एक एसओपी पेन ड्राइव्हवरून पिढ्यान्‌पिढ्या फिरतोय. त्यात लेखकाला 'लहानपणापासून तेलविहिरींचं आकर्षण' असतं. अहो, ज्याने दापोलीचा समुद्रसुद्धा सहलीतच पाहिला, त्याला तेलविहिरीचं आकर्षण कुठून आलं? तिकडे प्रवेश समितीत बसलेला प्राध्यापक असे शेकड्याने एसओपी वाचतो, त्याला काय कळत नसेल? त्याला बघायचं असतं ते वेगळंच. ब्रँच कुठलीही असो, गणित, थर्मो, फ्लुइड, हीट ट्रान्स्फर यांत मार्क कसे आहेत? आणि तुमच्या ब्रँचमधून या विषयाकडे यायचा धागा कुठला? मेकॅनिकलवाल्याने ड्रिलिंगबद्दल लिहावं, सिव्हिलवाल्याने खडकाच्या ताकदीबद्दल, केमिकलवाल्याने दगडातलं तेल सुटं करणाऱ्या रसायनांबद्दल, कॉम्प्युटरवाल्याने सिम्युलेशनबद्दल. खरं लिहायला विषय भरपूर आहेत, पण त्यासाठी आधी काहीतरी केलेलं असावं लागतं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? म्हणून बीईचा प्रोजेक्ट निवडतानाच याचा विचार करा. 'रेडीमेड' प्रोजेक्ट विकत आणून त्यावर एसओपी लिहिणाऱ्यांना माझा साष्टांग नमस्कार.

आणखी दोन गोष्टी सीनिअर सहसा सांगत नाहीत. पहिली अशी की, ज्यांचं बीई पेट्रोलियममध्ये नाही त्यांना अमेरिकेतली बरीच विद्यापीठं आधी पदवीचे काही विषय करायला लावतात. त्यांचे पैसे पडतात, वेळ जातो आणि ते बऱ्याचदा एमएसच्या क्रेडिटमध्ये धरतही नाहीत. अर्ज करायच्या आधी विचारून घ्या. दुसरी, थिसिसवालं एमएस आणि बिनथिसिसचं एमएस यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. प्राध्यापकाच्या प्रकल्पावर काम मिळून फी सुटायची शक्यता जास्त असते ती थिसिसवाल्याची. बिनथिसिसवाला बहुधा घरून पैसे मागवतो. तेव्हा युनिव्हर्सिटीचं नाव मोठं की लहान यापेक्षा तिथे कोण कशावर काम करतंय ते आधी बघा, त्यांचा एखादा पेपर खरोखर वाचा आणि मग मेल टाका. एकच मेल 'रिस्पेक्टेड सर' म्हणून चाळीस जणांना टाकणाऱ्यांनी उत्तराची वाट बघू नये.

यात एक शब्द आपल्या सरांसाठी आणि मॅडमसाठी. रागावू नका. शिफारसपत्र मागायला गेलं की बऱ्याच ठिकाणी उत्तर मिळतं, "तूच लिहून आण रे, मी सही करतो." आम्ही लिहितो. स्वतःची एवढी स्तुती आजवर आमच्या आईनेही केलेली नसते. मग एकाच कॉलेजातली सहा पत्रं एकाच साच्यातली जातात आणि सहाही जणांचं नुकसान होतं. तुम्हाला वेळ नसतो हे दिसतं आम्हाला, पेपर तपासणी, नॅक, अ‍ॅक्रेडिटेशनच्या फायली... पण दहा वाक्यं तुमची स्वतःची असू द्या. 'या मुलाने लॅबमध्ये अमुक केलं' एवढं एक खरं वाक्य पुरतं. आणि नाही म्हणायचं असेल तर सरळ नाही म्हणा, आम्ही दुसरीकडे विचारू.

राहता राहिलं 'इथेच का नाही?' हा प्रश्न. एमटेक म्हटलं की आपल्याकडे चेहरे पडतात, जणू व्हिसा रिजेक्ट झाल्याची शिक्षाच. गेटला २०१७ पासून पेट्रोलियमचा स्वतंत्र पेपर आहे. १९२६ ची धनबादची संस्था २०१६ मध्ये आयआयटी झाली, अमेठी जिल्ह्यात जायसला राजीव गांधी पेट्रोलियम संस्था आहे, गांधीनगरला आणि देहरादूनला विद्यापीठं आहेत. गेटचा स्कोअर तीन वर्षं चालतो, स्टायपेंड मिळतो आणि घर गहाण पडत नाही. मला स्वतःला थिसिसवालं एमएस पैशांसह मिळालं तर मी जाईन, नाही तर गेट. कर्ज काढून बिनथिसिसचं एमएस करायला मी जाणार नाही. मित्र हसतात, हसू देत.

"पण तेलच संपणार आहे, सगळं इलेक्ट्रिक होणार," असं कोणीतरी म्हणणारच. आपला देश आजही लागणाऱ्या क्रूडपैकी ८५ टक्क्यांहून जास्त आयात करतो, तेव्हा उद्या सकाळी काही ते बंद होत नाही. पण शंका खोटीही नाही. स्टॅनफर्डने आपल्या विभागाच्या नावातून 'पेट्रोलियम' हा शब्द २००६ मध्येच काढला. नॉर्वेत स्लाइप्नरला १९९६ पासून कार्बन डायऑक्साइड समुद्राखालच्या वाळूखडकात परत गाडला जातोय, आणि ते गणित आपल्या दार्सीचंच आहे. जमिनीतली उष्णता काढून वीज करायलाही हेच ड्रिलिंग लागतं. म्हणून विद्यापीठ निवडताना मी तरी एवढं बघतोय, की तिथे फक्त तेल शिकवतात की दगडातून वाहणारं काहीही शिकवतात.

जाता जाता एक मागणी. पेट्रोलियमला गेलेल्या आपल्या सीनिअर्सनी पुढच्या अंकासाठी आपला एसओपी पाठवू नये, तो फिरतोच आहे. त्यांनी रिजेक्शनची पत्रं पाठवावीत, आणि कर्ज किती काढलं, किती फेडलं ते लिहावं. नाव छापलं नाही तरी चालेल. डेकचं 'फंडामेंटल्स ऑफ रिझर्व्हॉयर इंजिनिअरिंग' लायब्ररीतून ज्याने नेलंय त्याने ते आणून द्यावं, आमचे तिघे जण रांगेत आहेत.