खासदारकी सोडून महापौर

बेळगावचा एखादा खासदार लोकसभेचा राजीनामा देऊन महापौरपदासाठी उभा राहील, अशी कल्पना तरी आपल्याला करता येते काय? लोक त्याला वेड्यात काढतील. कॅनडातील मॉन्ट्रियल या फ्रेंचभाषक महानगरात मात्र देनी कोदेर यांनी नेमके तेच केले. ते 1997 पासून बुरासा मतदारसंघाचे खासदार होते, नागरिकत्व व स्थलांतर खात्याचे मंत्रीही होते. 2013 मध्ये संसद सोडून ते शहराचे महापौर झाले.

आम्ही त्यांचे भाट नाही. त्या वेळी लाचखोरीने शहराची पुरती अब्रू गेली होती. हंगामी महापौरालाच अटक झाली होती. कोदेर यांनी कंत्राटांवर नजर ठेवणारा महानिरीक्षक नेमवला, हे त्यांचे श्रेय. पण दिल्लीचा असो वा ओटावाचा, राजधानीत मुरलेल्या पुढाऱ्याला कॅमेऱ्याची चटक लागतेच. 2015 मध्ये टपाल खात्याने सार्वजनिक टपालपेट्यांसाठी घातलेला काँक्रीटचा चौथरा फोडायला हे महाशय स्वतः यंत्र घेऊन गेले! त्याच वर्षी शहराचे अब्जावधी लिटर सांडपाणी प्रक्रियेविना सेंट लॉरेन्स नदीत सोडले गेले. 2017 मध्ये विजेवर धावणाऱ्या मोटारींची शर्यत भरवली, तिची हजारो तिकिटे फुकट वाटावी लागली. त्याच वर्षी व्हॅलेरी प्लांट यांनी त्यांचा पराभव केला. 2021 मध्ये पुन्हा केला.

तरीही एक गोष्ट आम्हाला विसरता येत नाही. 2017 मध्येच क्वेबेकच्या विधिमंडळाने मॉन्ट्रियलला महानगराचा दर्जा आणि वाढीव अधिकार देणारा कायदा संमत केला. सरकारच्या दारात काय मागावे व कसे मागावे, हे या जुन्या मंत्र्याला ठाऊक होते. मॉन्ट्रियल हे फ्रेंच भाषेचे शहर आहे, हे तर त्या शहराच्या सनदेच्या पहिल्याच कलमात लिहिलेले आहे. इंग्रजी भाषकांच्या उपनगरांना तेथे सक्तीने सामावून घेतले गेले, तेव्हा त्यांना 2004 मध्ये सार्वमत मिळाले आणि 2006 पासून वेस्टमाउंटसारखी गावे पुन्हा स्वतंत्र झाली. सार्वमत, वाचकहो! सरकारने दिलेले!

आमच्याकडे काय झाले? 2005 मध्ये बेळगाव महापालिकेने महाराष्ट्रात जाण्याचा ठराव केला आणि कर्नाटक सरकारने महापालिकाच बरखास्त केली. महापौराची मुदत एक वर्षाची. तो खुर्चीत रुळतो न रुळतो तोच पायउतार होतो. कारभार आयुक्तांच्या हाती. खासदार-आमदारांना मात्र महापौर निवडताना मत आहे, आणि शहराच्या गटारांची जबाबदारी नाही. असे असताना कोणता शहाणा खासदारकी सोडेल?

2021 मध्ये महापालिका मराठी संघटनांच्या हातून गेली, त्याचे दुःख आम्हाला आहेच. पण वर्षानुवर्षे आम्ही महापौर मराठी हवा एवढेच मागत आलो. त्याच्या सहीने आयुक्तांची एखादी फाइल तरी हलते काय, हे आम्ही आमच्याच नेत्यांना कितीदा विचारले? पुढच्या वेळी मते मागायला जे दारी येतील, त्यांना आम्ही हे विचारणार आहोत.